झोपेला टार्गेट नसतं

मनगटावरच्या बँडचं ॲप उघडलं की दोन वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात. एक पावलांचं, दुसरं झोपेचं. दोन्ही सारख्याच आकाराची, आणि पूर्ण भरली की दोन्हींवर शाबासकीची तीच खूण. गेली काही वर्षं मी हा बँड वापरते आहे आणि माझा सगळा आक्षेप या शेजाराला आहे. पावलं टाकता येतात. कंटाळा आला, बाहेर पाऊस असला, तरी उठून घरातल्या घरात फेऱ्या मारता येतात. झोपेचं तसं नाही. तिच्यासाठी अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो, पण त्यापुढचं आपल्या हातात नसतं. या दोन्हींना सारखंच टार्गेट लावून आपण आपल्या झोपेचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे. तरीही बँड मी काढून ठेवलेला नाही, कारण पावलांच्या बाबतीत त्यानं आमच्या घरात खरोखर चांगलं काम केलं. तेच आधी सांगते.

पावलं मोजणारी यंत्रं काही आजची नाहीत. हलत्या लंबकावर चालणारी पेडोमीटर्स अठराव्या शतकातही होती. आजच्या बँडमध्ये लंबकाच्या जागी सिलिकॉनची अतिसूक्ष्म रचना असते. हात हलला की तिचे भाग किंचित सरकतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा संकेत बदलतो. हे तिन्ही दिशांना चालू असतं. त्या संकेतांच्या गर्दीतून चालण्याची लय ओळखायची आणि तिच्यावरून पावलं मोजायची, एवढं त्यातला प्रोग्रॅम करतो. हातवारे करून बोललं तर पावलं वाढू नयेत म्हणून बऱ्याच बँडमध्ये अशी सोय असते, की काही सलग पावलं एका लयीत पडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही.

म्हणजे बँडला पाय दिसतच नाहीत. त्याला फक्त हात कळतो. हे मला कळलं ते आईमुळे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर धरून पुन्हा चालायला शिकत होती. माझ्या हातातला बँड बघून तिलाही तो हवासा वाटला. पहिल्या दिवशी ती खोलीतून व्हरांड्यापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत राहिली, धाप लागली की थांबून, पण नेटानं. संध्याकाळी मी आकडा वाचून दाखवला तर तो जवळजवळ शून्य होता. तिचा चेहरा असा उतरला की मला त्या यंत्राचा रागच आला. "अगं, सकाळपासून किती चालले मी! ह्याला दिसलं नाही का?" खरोखरच दिसलं नव्हतं. वॉकर धरणाऱ्याचे दोन्ही हात दांड्यावर घट्ट असतात. मनगट झुलत नाही, त्यामुळे बँडच्या लेखी माणूस बसलेला असतो. बाबागाडी ढकलणाऱ्या आईबापांची, सामानाची ट्रॉली ढकलणाऱ्यांची पावलंही अशीच गळतात. ज्यांना एकेक पाऊल महाग पडतं, नेमकी त्यांचीच पावलं हिशेबातून सुटतात ही गोष्ट मला फार लागली.

फिजिओथेरपिस्टनी साधा उपाय सुचवला: बँड घोट्याला बांधा. आई म्हणाली, "घड्याळ कधी पायाला बांधतात का?" पण बांधलं, आणि मोजणी सुरू झाली. संथ चालीतली सगळी पावलं तरीही धरली जात नव्हती, पण कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढं कळायला लागलं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

मग पुढचा प्रश्न आला. ॲपमध्ये कंपनीनं आधीच भरून ठेवलेलं टार्गेट होतं १०,००० पावलांचं. त्या आकड्यापुढे तिची पावलं इतकी थोडी होती, की वर्तुळाची कडा जेमतेम रंगायची. "माझे दहा हजार कधी व्हायचे गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा हा आकडा आला कुठून ते मी शोधायला बसले.

तो आला जपानमधून. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, व्यायामाची हवा तयार झाली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र बाजारात आणलं. यंत्राच्या नावातच दहा हजार हा आकडा होता. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. इतक्या पावलांना तब्येत सुधारते आणि त्याहून कमी चाललं तर नाही, असं दाखवणारं संशोधन त्याच्यामागे नव्हतं. जगभरच्या मनगटांवर तो आकडा पुढे कित्येक वर्षं तसाच उतरत राहिला.

चालण्याफिरण्याचा आणि हृदयाचा संबंध मात्र त्याआधीच दिसला होता, आणि तोही किती साध्या जागी! लंडनच्या डबलडेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर जिना चढत-उतरत असायचा, कामाच्या दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या. पगार, राहणी, कामाचे तास बरेचसे सारखे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य स्वरूपाचा व्हायचा. मॉरिस यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो यानंतरच्या कामासाठी. मुळात जाडसर माणसंच ड्रायव्हर होत असतील तर, अशी शंका घेऊन त्यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापं तपासली आणि ड्रायव्हर आधीपासूनच अंगानं थोडे जास्त असल्याचं स्वतःच १९५६ मध्ये छापलं. आपल्याच निष्कर्षाला छेद देऊ शकणारी गोष्ट शोधायला निघालेला माणूस! आरोग्याचे आकडे वाचताना मी ते दोन निबंध नेहमी जोडीनं आठवते.

आईला धीर दिला तो २०१९ च्या एका अभ्यासानं. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांची पावलं मोजली होती. त्यांचं सरासरी वय ७२ वर्षं, म्हणजे आईच्या आसपासचं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण पुढच्या चारेक वर्षांत ४१ टक्क्यांनी कमी होतं. साधारण ७,५०० च्या पुढे मात्र जास्तीच्या पावलांनी फरक पडताना दिसला नाही. आधीच आजारी असलेला माणूस कमी चालतो, हेही अशा अभ्यासात मिसळलेलं असतं आणि ते विसरून चालत नाही. पण पुढे झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणांतही आलेखाचा आकार तोच निघाला. सुरुवातीला तीव्र उतार, मग सपाटी. साठीच्या पुढच्यांसाठी ती सपाटी ६,००० ते ८,००० च्या दरम्यान येते, त्याहून लहानांसाठी ८,००० ते १०,००० च्या.

या आलेखाचा अर्थ मी आईला असा सांगितला, की फायदा सगळ्यात जास्त तुझ्याच टोकाला आहे. भरपूर चालणाऱ्यानं आणखी पाचशे पावलं टाकली तर त्याला फारसं काही मिळत नाही. तू टाकलीस तर खूप मिळतं. मी तिचं टार्गेट बदललं. कालच्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच. वर्तुळ भरायला लागलं आणि ती फेऱ्या वाढवायला लागली. दुपारी डोळा लागण्याआधी "किती झाले बघ गं" असं विचारायची आणि दहा-वीस कमी असले तर उठायची. वॉकर सुटून काठी आली तेव्हा बँड घोट्यावरून पुन्हा मनगटावर आला, काठी नसलेल्या हाताच्या.

म्हणून पावलं मोजणं हे निव्वळ खूळ आहे असं कुणी म्हणालं की मी वाद घालते. पुष्कळ आढाव्यांना एकत्र करून २०२२ मध्ये जो मोठा आढावा निघाला, त्यात अशा साधनांमुळे माणसं दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात असं आढळलं. हे थोडं नाही. याची दुसरी बाजूही खरी आहे. जॉर्डन एटकिन या संशोधिकेनं २०१६ मध्ये दाखवलं, की चालणं मोजायला दिलं की माणसं जास्त चालतात पण चालण्यातली मजा कमी होते, आणि मोजणं काढून घेतल्यावर पुन्हा आपणहून चालायला निघण्याची ओढही घटते. हे मी स्वतःच्या बाबतीत ओळखते. मैत्रिणीबरोबर बोलत बोलत फिरायला जाते तेव्हा बँड घरी ठेवते. ती पावलं कुठेच नोंदली जात नाहीत, आणि आठवड्यातलं ते माझं सगळ्यात आवडतं चालणं आहे.

कॅलरीच्या आकड्यावर मी एक वाक्यही खर्च केलं नसतं, पण लोक त्यावर जेवणखाण ठरवतात म्हणून लिहिते. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण खर्च झालेल्या ऊर्जेत सगळ्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के होती.

आता झोप.

रात्री काळोखात बँडच्या खालून हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, ठोका ओसरला की पुन्हा वाढतो. या चढउतारावरून नाडी कळते. नाडी आणि हालचाल, एवढ्या दोन धाग्यांवरून बँड रात्रीचं सगळं चित्र विणतो. गाढ झोपेत ठोके संथ आणि एकसारखे असतात, रेम, म्हणजे बहुतेक स्वप्नं पडतात त्या झोपेत ते अनियमित होतात आणि अंग मात्र ढिलं पडलेलं असतं. त्यावरून तो सांगतो, इतकी मिनिटं लाइट, इतकी डीप, इतकी रेम.

झोपेच्या प्रयोगशाळेत हे मोजायला डोक्याला, डोळ्यांच्या बाजूंना आणि हनुवटीला तारा लावतात. मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांचा आलेख निघतो आणि तीस-तीस सेकंदांचा एकेक तुकडा बघून झोपेची पायरी ठरवली जाते. इतकं करूनही दोन तज्ज्ञांचं प्रत्येक तुकड्यावर एकमत होत नाही. मनगटाला मेंदूतलं काही ऐकू येत नाही. त्यामुळे बँड झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात सहसा चुकत नाही, पण जागा असून निश्चल पडलेल्या माणसालाही तो बऱ्याचदा झोपलेला ठरवतो. ज्याला रात्रभर झोप लागत नाही, तो हेच तर करत असतो, छताकडे बघत निपचित पडून राहणं. सकाळी त्याला यंत्र सांगतं, सात तास छान झोपलास. ज्याचं दुखणं आहे त्यालाच ते खोटं पाडतं.

याच्या उलटंही होतं, आणि ते मला अधिक गंभीर वाटतं. एका सकाळी मी अगदी ताजी उठले. अंग हलकं, डोकं स्वच्छ. सवयीनं ॲप उघडलं, तर झोपेचा स्कोअर लाल रंगात. डीप स्लीप कमी. बघता बघता माझं अंग जड व्हायला लागलं. दुपारपर्यंत मी तीन-चार जणांना "काल झोप नीट झाली नाही" असं सांगितलंही. माझ्या शरीरानं मला सकाळी जे सांगितलं होतं, ते मी एका अंदाजापायी मोडीत काढलं. हा माझ्या मनाचा दुबळेपणा नव्हता. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो कॉलेजमधल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. लोकांना यंत्र लावून सांगितलं, तुमची रेम झोप २८.७ टक्के, म्हणजे उत्तम, किंवा १६.२ टक्के, म्हणजे निकृष्ट. आकडे संशोधकांनी ठरवलेले होते. तरीही नंतरच्या बौद्धिक चाचण्यांत उत्तम झोप सांगितलेल्यांची कामगिरी चांगली झाली, निकृष्ट सांगितलेल्यांची घसरली. पुढे २०१७ मध्ये झोपेच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं, की जे परिपूर्ण झोपेच्या आकड्यामागे लागून अंथरुणात जास्त वेळ काढू लागले, चिंता करू लागले, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीपेक्षा मनगटावरच्या आकड्यावर ज्यांचा विश्वास जास्त होता. या अवस्थेला त्यांनी ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं.

झोप अशी का वागते, याचं सगळ्यात समजेलसं उत्तर मला झोपेचे संशोधक आलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२ च्या मांडणीत सापडलं. दोन गोष्टी झोप आणतात. जागेपणी तासागणिक साठत जाणारा झोपेचा दाब ही एक, आणि शरीरातलं दिवसरात्रीचं घड्याळ ही दुसरी. दोन्ही जुळल्या की झोप लागते. यात प्रयत्नाला जागाच नाही. उलट प्रयत्न माणसाला सावध करतो, आणि सावधपणा झोपेचा वैरी. म्हणूनच निद्रानाशाच्या उपचारांत रुग्णाला कधी कधी मुद्दाम सांगतात, झोपू नका, डोळे उघडे ठेवून जागं राहायचा प्रयत्न करा. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, असंही सांगतात. आणि आपण मात्र घड्याळ हातालाच बांधून झोपतो.

मग झोपेसाठी बँडचा काहीच उपयोग नाही का? आहे, फक्त तो स्कोअरमध्ये नाही. आपल्या हातात दोन गोष्टी असतात: सकाळी उठायची वेळ, आणि उठल्यावर डोळ्यांवर पडणारा उजेड. उठायची वेळ बँड बऱ्यापैकी खरी सांगतो. ब्रिटनमधल्या सुमारे ६१,००० लोकांनी आठवडाभर मनगटावर यंत्र बांधलं होतं; त्या माहितीवर निघालेल्या अभ्यासात झोपेच्या एकूण तासांपेक्षा झोपण्या-उठण्याची नियमितता हा आयुष्याचा जास्त चांगला निदर्शक ठरला. मी आता महिन्याकाठी फक्त उठण्याच्या वेळांचा आलेख बघते. सुट्टीच्या दिवशी ती रेघ किती उसळते ते त्यात स्वच्छ दिसतं. आणि हे सुधारणं शक्य आहे, कारण उठणं हे पावलासारखं आहे.

दुसरी कामाची गोष्ट रात्रीची नाडी. झोपेतले ठोके सगळ्या गडबडीपासून दूर मोजलेले असतात, म्हणून त्यांची स्वतःशीच तुलना करता येते. ताप चढण्याच्या आदल्या रात्री माझी ही रेघ वर सरकलेली मी पाहिली आहे. त्यावरून निदान करायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी कामाचा रेटा कमी ठेवता येतो.

एक मात्र कळकळीनं सांगायचं आहे. घरातलं कुणी मोठ्यानं घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठत असेल, दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर बँडचा हिरवा स्कोअर बघून गप्प बसू नका. झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी डॉक्टरकडेच होते. चांगला आकडा पाहून कुणी ती लांबणीवर टाकली, तर ते बँडशिवाय असण्यापेक्षा वाईट.

माझी सध्याची पद्धत साधी आहे. झोपेच्या सकाळच्या सूचना बंद. उठल्यावर उशाशी ठेवलेल्या वहीत एक शब्द लिहिते: ताजी, बरी, जड. ॲप त्यानंतर, तेही रोज नाही. कधी तरी दोन्ही शेजारी ठेवून बघते. जड लिहिलेल्या सकाळी बहुतेक वेळा उठायची वेळ हललेली असते. डीप स्लीपच्या मिनिटांशी माझ्या शब्दाचा काही मेळ मला अजून सापडलेला नाही. पावलांची आठवण मात्र चालू ठेवली आहे. तासभर बसून राहिले की मनगट थरथरतं आणि मी उठते.

ॲपमध्ये आता स्ट्रेसचाही स्कोअर आला आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं, श्वास घेताना ते किंचित आखडतं आणि सोडताना लांबतं. या बदलावरून तो काढतात. धडधड भीतीची की आनंदाची, हे त्यातून कळत नाही. म्हणून तो मी अजून सुरू केलेला नाही. माझी मैत्रीण मात्र संध्याकाळी तो लावते, दहा मिनिटं श्वास संथ करते आणि रेघ बदलताना बघते. श्वास संथ करणं आपल्या हातात असतं, तेव्हा तेवढ्यापुरता हा आकडा पावलांच्या बाजूचा ठरेल असं मला वाटतं. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर बसून बघणार आहे.